ज्या नावाले ओ देल्ली नाई

आमच्या दारात येऊन कोनी माझ्या नवऱ्याले अश्वजित सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली, तं मी त्याले पानी बी विचारत नाई. हे हिंगणीतल्या समद्यायले ठाऊक हाय. मांगून बाया म्हनतात, थुलायची मेघा मोठी कडू हाय बाई. हाय मी कडू. कडूनिंबाचा पाला येताजाता कोनी ओरबाडत नाई, हे त्याचंच सुख हाय.

पन ही गोष्ट माझी नाई, अश्वजितची हाय. अश्वजित थूल, एसटीत ड्रायवर. वर्धा-हिंगणी गाडी चालवते. अंगानं आडवा, बोलन्यात कंजूस. खाकी शर्टावर नावाची पट्टी हाय, ते रोज घरून निघताना रुमालानं पुसते. पहिले मले वाटे, काय हा नखरा! ड्रायवरची पट्टी कोन पाहून राह्यलं? मंग कळलं, काऊन पुसते ते.

आमच्या घरात एक नियम हाय, नानाजीनं लावलेला. नानाजी म्हनजे अश्वजितचे आजोबा. या घरात कोनाचंच नाव मोडाचं नाई. गावात पाहा, डोमाजीचा डोम्या होते, नत्थूचा नत्थ्या होते, पोट्टी असो का म्हातारा, कोनी सुटत नाई. आमच्या घरी अश्वजित म्हनजे अश्वजित. लहानपनी कोन्या पाहुन्यानं 'अश्व्या' म्हनलं तं नानाजी त्याले चहाचा कप हातातून घेऊन परत पाठवत. लग्न होऊन मी चामोर्शीवरून इथं आली, तं दुसऱ्याच दिवशी मले बसवलं अन् म्हने, "पोरी, नवऱ्याले नावानं हाक मारजो. पूर्न नावानं. लाजू नको." मी त्याले आंगनातून "अश्वजित" म्हनून हाक मारली तं बाजूच्या बाया पदर तोंडात घालून हासल्या. हासा म्हनलं, तुमचं काय जाते!

नानाजीचं सोताचं नाव उकंडा. उकंडा म्हनजे गावाचा केरकचरा टाकाची जागा. लेकरू जगावं म्हनून तेव्हा असं नाव ठेवत, असं लोक सांगतात. नानाजी म्हनत, "मले जगवाले ठेवलं असन, पन मास्तर हाक मारे तेव्हा मले मेल्यावानी वाटे." छप्पन साली बापाच्या खांद्याले खांदा लावून नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले, तेव्हा मिसरूड बी नोतं फुटलं. येताना गाडीतच ठरवलं म्हने, आपल्या घरात आता कोनाचं नाव उकंडा राहनार नाई. पोराले चांगलं नाव ठेवलं, नातवाले अश्वजित. भल्ला अभिमान त्यायले त्या नावाचा.

अन् हेच नाव गावानं खाऊन टाकलं.

अश्वजित शाळेत होता तेव्हा टीव्हीवर दर रविवारी सकाळी 'मातीनगर' नावाचं कार्टून लागे. किड्यामुंग्यायचं गाव. मुंगी मास्तरीन, गोगलगाय पोस्टमन, अन् एक शेनकिडा, त्याचं नाव गोबरू. तो आपला शेनाचा गोळा ढकलत येई, अन् त्याले पाह्यलं का समदे किडे ओरडत, "नाक धरा रे!" शेवटी गोळ्यासंगच चिखलात पडे. अख्खा देश हासे. त्याच्या वर्गातल्या धनंजयच्या घरी रंगीत टीव्ही होता, मोठं शेत, ढोरायचा मोठा वाडगा. सारे पोट्टे त्याच्या ओसरीत बसून पाहत. अश्वजित बी जाये.

माझी सासू कमलाबाई तेव्हा गोवऱ्या थापून विके. नवरा वारला होता, हात चालवल्याबिगर चूल पेटत नोती. सकाळी मायच्या मांगं अश्वजित शेनाची टोपली डोक्यावर घेऊन चाले. एका रविवारी तो टोपली ठेवून, हात धुऊन ओसरीत आला, अन् धनंजय टीव्ही सोडून त्याच्याकडं पाहत बोंबलला, "गोबरू आला! नाक धरा रे!" समद्यायनं नाक धरलं. धनंजयच्या मायनं बी धरलं म्हने, हासत हासत.

लोक म्हनतात, लेकरायचा खेळ होता. खेळ होता तं नाव त्यालेच काऊन भेटलं? गायी-म्हशी तं धनंजयच्याच दावनीले होत्या. शेन त्यायचंच, नाव मात्र आमाले! मी हे तोंडावर म्हनलं तं लोकायले राग येते. येऊ द्या.

अश्वजित मारामारी करनारा नोता. त्यानं एकच केलं. त्या नावाले ओ देल्ली नाई. कबड्डीत "गोबरू, पकड" म्हनलं तं हा हात बांधून उभा. मास्तरबी एखाद्या दिवशी हासून तेच म्हने, तं हा भिंतीकडं पाहे. एकदा बोर धरनाच्या जंगलाकडं टेंभराचे फळं वेचाले गेलते, तं मांगून पोट्टे ओरडले, "गोबरू, साप! तुह्या पायाजोळ साप!" हा वळला नाई. खरंच साप होता. धामन होती म्हनून बरं, पायावरून निघून गेली. घरी आल्यावर मायनं विचारलं, "काऊन रे नाई वळला?" तं म्हने, "मले कोनी हाकच नाई मारली."

अन् माय अन् पोरगा, दोघायनं मिळून एक गोष्ट सांभाळली. नानाजीले हे नाव कधी कळू देल्लं नाई. घराबाहेर गोबरू, घरात अश्वजित.

मोठा झाला, एसटीत लागला. लोक अहेरी डेपो नको म्हनून सायबाचे पाय धरतात. यानं अहेरी मागून घेतला. सायेबबी बैताडल्यावानी पाहत राह्यला म्हने. तिथं जंगल होतं, खड्डे होते, पन त्याले "अश्वजितभाऊ" म्हनत. तिकडंच आमचं लग्न जमलं. मले लग्नाआंधी कायबी ठाऊक नोतं. नानाजी पडले, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा आमाले हिंगणीले परत या लागलं. तोवर आमची पोरगी जागृती झालती. गावात आल्यावर पहिले काही महिने तो गाडी लावून खाली उतरे तं मान खाली घालून. पन गावबी विसरलं होतं थोडं. जुने पोट्टे आपापल्या संसारात, 'मातीनगर' कोनाच्या ध्यानात नोतं. मले वाटलं, मेलं एकदाचं ते नाव.

मेलं कुठलं! मांगच्या वर्षी कोन्या दीडशहान्याले वाटलं का जुनं 'मातीनगर' नवं करून दाखवावं. 'मातीनगर: नवे दिवस'. मोबाईलवर बी लागते, टीव्हीवर बी लागते. अन् त्यात हिरो कोन? गोबरू!

धनंजयनं त्याच दिवशी वर्गातल्या पोट्ट्यायच्या ग्रुपवर अश्वजितचा खाकीतला फोटो टाकला अन् खाली लिवलं, "आपला हिरो परत आला रे!" झालं. दुसऱ्या दिवसापासून बस स्टँडच्या चहाच्या हॉटेलातून हाका सुरू. "ए गोबरू! गाडी ढकलत आनली का आज?" हे चाळिशीतले मानसं! डोक्यावर केस नाई राह्यले, पोटं सुटले, अन् नाक धरून उभे राहतात. कंडक्टर हरिदास मले सांगे, "वहिनी, अश्वजितभाऊ काच वर करते अन् समोर पाहत राहते."

मी म्हनलं, "तू त्यायले एकदा झाडत काऊन नाई?"

तं म्हने, "मेघा, जगानं म्हनलं तं म्हनो. या नावाले ओ द्याची नाई एवढंच माझ्या हातात हाय. पन जागृतीच्या तोंडून हे नाव मले ऐकाचं नाई. तेवढं सांभाळ."

तेवढंच मागतलं त्यानं माझ्याकडं, इतक्या वर्षात. अन् सांभाळू कशी? जागृती तं त्या किड्यावर जीव टाके!

शाळेतून आली का दप्तर फेके अन् "गोबरू लागला का?" टीव्ही बंद केला तं शेजारी जाऊन पाहे. एक दिवस दात खाऊन मी बी बसली तिच्याजोळ पाहाले. म्हनलं, दुश्मन दिसते तरी कसा ते पाहू. तं तो जुना गोबरूच नोता. चकाचक, डोक्यावर टोपी, अन् लय डोकेबाज. गावात पूर येते, तं हा आपल्या गोळ्यायची भिंत बांधून समद्यायले वाचवते. कोनी नाक धरत नाई. मुंगी मास्तरीन त्याले "गोबरूदादा" म्हनते. मनात म्हनलं, वा! किडे बी सुधारले, हिंगणी काई सुधारली नाई.

अश्वजितले हे मी सांगतलं नाई. त्यानं ऐकलंच नसतं. तो घरात आला का जागृती टीव्ही बंद करे, काऊन तं ते तिले बी कळत नोतं. बाबाले आवाज आवडत नाई, एवढंच मी सांगतलं होतं.

मंग आला अश्वजितचा वाढदिवस. सकाळी तो ड्युटीवर गेला, जागृती शाळेत गेली, अन् मी पीठ आनाले स्टँडकडं निघाली. पाहते तं काय! हॉटेलाच्या बाजूले, दोन खांबायच्या मधात, भला मोठा फ्लेक्स. एका अंगाले माझा नवरा, खाकीतला. दुसऱ्या अंगाले जुना गोबरू, तोच, चिखलानं माखलेला, गोळ्यासंग पडलेला. मधात मोठ्या अक्षरात, 'एसटीचा बादशहा, आमचा लाडका गोबरू यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. अन् खाली कोपऱ्यात हात जोडून धनंजय. ग्रामपंचायतीले उभं राहाचं हाय ना त्याले! आमच्या मोहल्ल्यातले मतं पाहिजे, म्हनून हा लाड.

फोटोतली पट्टी मात्र वाचता येत नोती. नेमकी तिच्यावरच फुलायची माळ छापली होती.

 धनंजय हॉटेलातच बसला होता, पोहे खात.

"भाऊ, हे काढा," म्हनलं.

"काय जी वहिनी! कौतिक केलं तं काढा म्हनता?" तो हासला. "सेलूवरून छापून आनला खास. आजवर गावात कोन्या ड्रायवरचा फ्लेक्स लागला का?"

"नाव काय हाय त्याचं?"

"कोनाचं?"

"ज्याचं कौतिक करून राह्यले त्याचं!"

"आता वहिनी, प्रेमानं म्हनतो आमी. मले बी धन्या म्हनतात. मी चिडतो का?"

"धन्या म्हनून कोनी नाक धरते का तुमच्यासमोर? तुमच्या मायच्या टोपलीवरून पडलं का ते नाव?"

हॉटेलातले लोक पोहे खाताखाता थांबले. धनंजयचं तोंड उतरलं, पन मागं हटाची त्याची जात नाई. म्हने, "जुन्या गोष्टी उकरून तुमीच वास करून राह्यल्या. संध्याकाळवर राहू द्या. गाडी आली का केक कापू, समदे पोट्टे येनार हायेत. मंग काढतो."

संध्याकाळी! म्हनजे साऱ्या गावासमोर, भरल्या गाडीतून उतरल्यावर त्याले गोबरू म्हनून केक चारनार. "तुमच्या हातानं काढा, नाई तं माझ्या हातानं काढीन," म्हनलं अन् पीठ तसंच टाकून घरी आली.

दुपारभर मी भांड्यायवर राग काढला. कमलाबाईनं एकदा विचारलं, "काय झालं वं?" मी सांगतलं.  म्हातारी आपल्या तळहाताकडं पाहत राह्यली, अन् मंग उठून कोठ्यातून गवत कापाचा विळा आनून माझ्या हातात देल्ला. नानाजी खाटेवर झोपले होते.

शाळा सुटाच्या आंधीच फ्लेक्स खाली पाडाचा, असं मी ठरवलं होतं. पन त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी विळा घेऊन स्टँडवर पोचली तं फ्लेक्सखाली पोट्ट्यायचा हा गराडा, अन् मधात माझी जागृती, दोन्ही हात वर करून नाचून राह्यली.

"माझे बाबा गोबरू हाय! पाहा, लिवलं हाय! माझे बाबा गोबरू हाय!"

 सारं खतम. ज्या तोंडून नको होतं त्याच तोंडून.

तिच्या वर्गातली आकांक्षा कंबरेवर हात ठेवून म्हने, "खोटारडी! गोबरू टीव्हीत राहते. तुहे बाबा तं ड्रायवर हाय."

"माझे बाबाच हाय! बाबा येतीनच आता, विचारजो!"

"खोटारडी, खोटारडी!" समद्या पोट्ट्यायनं धरलं तेच. जागृतीचे डोळे भरले, पन ती हटून राह्यली नोती. बापाचीच पोरगी ना! इकडं हॉटेलासमोर धनंजय अन् त्याचे यार केकचा डबा घेऊन तयार. कोन्या बैताडानं टोपी घालून किड्याच्या मिशा काढल्या होत्या.

अन् गाडी आली.

हरिदासनं शिटी मारली, गाडी थांबली. धनंजय बोंबलला, "गोबरूऽऽ! नाक धरा रे!" साऱ्यायनं नाक धरलं. गाडीतले लोक खिडकीतून वाकून फ्लेक्स पाहून राह्यले, हासून राह्यले. अश्वजितनं फ्लेक्स पाह्यला. मले दिसलं ते. त्याचे हात स्टेअरिंगवर, मान सरळ. धनंजयनं परत हाक मारली. परत. मान नाई वळली.

तेवढ्यात जागृती गर्दीतून घुसली अन् थेट ड्रायवरच्या दरवाज्याखाली जाऊन उभी राह्यली.

"बाबा! तुमीच गोबरू हाय ना? सांगा ना यायले!"

तो खाली पाहाले लागला. तिच्या मांगं पोट्टे, "खोटारडी, खोटारडी."

"बाबा, मी हाक मारते, तुमी ओ द्या, मंग कळन यायले!" अन् तिनं दोन्ही हात तोंडाजोळ धरले, अन् जीव खाऊन ओरडली, "गोबरूऽऽ!"

 धनंजयनं नाकावरचा हात खाली घेतला. त्याले तं ठाऊक होतं, या नावाले हा मानूस सापाच्या भीतीनं बी वळला नोता.

अश्वजितनं माझ्याकडं पाह्यलं. मी विळा घट्ट धरून उभी होती. मले ओरडावं वाटलं, नको देऊ! साऱ्या जन्माचं कमावलेलं या लोकायच्या समोर नको टाकू! पन तिकडं माझी पोरगी, टाचा उचलून, वर पाहून राह्यली होती. तिच्या डोळ्यात पुरातून गाव वाचवनारा गोबरू होता. दुसरा तिले ठाऊकच नोता.

"ओ," अश्वजित म्हने. मंग गळा साफ करून जोरानं, साऱ्यायले ऐकू जाईन असं, "ओऽ! बोल बाप्पा!"

जागृतीनं आकांक्षाकडं वळून पाह्यलं. तसं पाहनं मी तिच्या चेहऱ्यावर पहिले कधी पाह्यलं नाई.  अश्वजितनं दरवाजा उघडला, तिले वर ओढली अन् मांडीवर बसवली. अन् हे धनंजय अन् त्याचे यार, "देल्ली! देल्ली रे ओ!" म्हनून टाळ्या पिटून राह्यले, जसं काई यायनंच लढाई जिंकली.

मी सरळ गेली अन् विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. खर्रकन् खाली आला तो, केकच्या डब्यावर. जागृती वरून रडाले लागली, "आई, काऊन काढलं!" अश्वजितनं तिचं तोंड आपल्या छातीत, त्या पट्टीजोळ दाबलं अन् मले म्हने, "तिले काई सांगू नको, मेघा. तिचा गोबरू तसाच राहू दे." मंग माझा राग कुठी ठेवू मी? आजवर पोटातच हाय.

घरी आलो. जेवाचं ताट वाढलं तं जागृती आंगनातून ओरडली, "गोबरू, जेवाले चला!" अन् तो हात धुताधुता "ओ" म्हने, पन नानाजी खाटेवर उठून बसले.

"कोनाले म्हनते ते?"

कमलाबाई अन् मी एकमेकीकडं पाहत राह्यलो. अश्वजित म्हने, "खेळ हाय तिचा, नानाजी. टीव्हीतला."

 नानाजी जागृतीले म्हने, "खेळ असन तं खेळजो. पन खेळ संपला का तुह्या बाबाले त्याच्या नावानं बोलवजो. या घरात नाव मोडत नाई."

जागृती आज्ञाधारक. सरळ उभी राह्यली अन् शाळेत हजेरी घेतात तशी म्हने, "अश्वजित बाबा, जेवाले चला."

या हाकेले मात्र त्याची ओ निघाली नाई. हात धुवत राह्यला, हात कव्हाचे साफ झालते तरी.

दुसऱ्या दिवशी धनंजय हॉटेलात होताच. गाडी थांबल्याबरोबर "ए गोबरू!" म्हनून हाक मारली, हसत, हक्कानं. अश्वजितनं काच वर केली अन् समोर पाहत राह्यला. परत हाक, परत तेच. मी दळन घेऊन तिथंच उभी होती. धनंजय माझ्याकडं आला, खरंच गोंधळलेला.

"वहिनी, काल तं ओ देल्ली ना त्यानं?"

"देल्ली," म्हनलं. "काल त्याले त्याच्या पोरीनं हाक मारली होती, भाऊ. तुमाले तं त्याचं नावच ठाऊक नाई."

तो फ्लेक्स आता आमच्या बकरीच्या कोठ्यावर हाय, पानी गळू नये म्हनून. अश्वजितचा फोटो कापून जागृतीनं आपल्या पेटीत ठेवला. धनंजयचा कोपरा मी मुद्दाम खालच्या अंगाले ठेवला हाय, हात जोडलेला, बकरीच्या तोंडापुढं.